किसन, तुझी अक्षरं अजून डिस्कमध्येच आहेत

किसन,

तुझ्या पुण्यानुमोदनाची पत्रिका माझ्याच छापखान्यात छापली. तुझा मेहुणा मजकूर लिहिलेला कागद घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. मी स्वतः खिळे जुळवले. तेच शिशाचे खिळे, ज्यांतल्या ठ ला तू फुटका डबा म्हणायचास. मजकुरात एक ओळ होती, ‘ठिकाण : पिंगळी’. तो चेपलेला ठ मी चिमट्यात धरला आणि हात थांबला. दुसरा ठ माझ्याकडे नव्हता. नव्या कॉम्प्युटरात तयार अक्षरं होती, पण ती तुला शिशाहूनही नकोशी होती. तुझा स्वतःचा गोल, पोटभर जेवलेला ठ होता, तो माझ्याच ड्रॉवरमध्ये लोखंडाच्या पेटीत बंद होता. म्हणून तुझ्या शेवटच्या पत्रिकेवर फुटका डबाच छापला गेला.

माणूस गेला की लोक लिहितात, तो कधी जन्मला, किती शिकला, किती मनमिळाऊ होता. तू काही मनमिळाऊ नव्हतास. मीही नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, कारण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय आणि तू आपलं म्हणणं मांडून निघून गेलास. माझं म्हणणं कोण ऐकणार?

माझी तक्रार साधी आहे. कॉम्प्युटरमधलं ते हिरवं कार्ड विकायचं नाही, हे तू मला कधी सरळ सांगितलं नाहीस.

पण त्याआधी आपली पहिली भेट सांगतो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव पेटलं, त्या वर्षीच्या हिवाळ्यात तू पालमकडच्या तुझ्या गावातून परभणीला आलास. हातात रंगाचे दोन डबे, काखेत ब्रशांची गुंडाळी. मी वालूरहून येऊन दुसऱ्यांच्या छापखान्यात दहा वर्षं खिळे जुळवले होते आणि नुकतंच पायाने चालवायचं जुनं छपाईयंत्र, ट्रेडल, घेऊन स्वतःचं दुकान थाटलं होतं. बोर्ड रंगवायचा होता. तू भाव सांगितलास. मी म्हणालो, “निम्मे घे.”

“निम्मा बोर्ड रंगवू का शेठ? ‘छाप’ लिहितो, ‘खाना’ राहू द्या.”

हसू आलं, पण मी नमलो नाही. तू डबे उचललेस आणि पायऱ्या उतरायला लागलास. दुकानाला पाच पायऱ्या आहेत. गिऱ्हाईक पायऱ्या उतरायला लागलं की मी गप्प बसतो, हे माझं जन्माचं शिक्षण. निम्मी माणसं दोन पायऱ्यांत माघारी येतात. तू चौथ्या पायरीवर थांबलास आणि मागे वळून म्हणालास, “शेठ, चौथ्या पायरीपत्तुर मी तुमचा. पाचवी उतरलो की रस्त्याचा. मंग हाक मारू नका.”

मी हाक मारली. तू सांगितलेल्या भावात मी आयुष्यात पहिल्यांदा काही घेतलं. त्या बोर्डावरचं ‘छापखाना’ बघायला पुढे रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. मी मात्र वर्षभर मनात धुसफुसत होतो, की हा बाबा माझ्याशी घासाघीस करून जिंकला.

मग तू रोज यायला लागलास. पिंगळीला खोली केलीस, सकाळच्या गाडीने परभणीला यायचास, सगळ्यात आधी माझ्याकडे चहा प्यायचास आणि मग शहरभर बोर्ड रंगवत फिरायचास. तू गाव का सोडलंस, घराचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. आणखी एक गोष्ट आता लिहिताना लक्षात येते. शेठचा मी बाबाराव झालो, तरी सोळा वर्षं तू मला तुमी म्हणालास आणि मी तुला तू म्हणालो. वयात फक्त दोन वर्षांचा फरक. मला कधी ते खटकलं नाही. तुला खटकलं असेल, तर तेही तू सांगितलं नाहीस. न सांगण्यात तू पक्का होतास, हे माझं म्हणणं आहे.

चार वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी औरंगाबादहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. हार्ड डिस्क विटेएवढी जड. बटण दाबलं की ती आधी घुमायची, मग चढत्या आवाजात गरगरायची. तू म्हणालास, “बाबाराव, पिठाची गिरणी आणली का?” मी तो लग्नपत्रिका जुळवायला आणला होता. तू त्याच्यासमोर बसलास ते उठलाच नाहीस. त्यातली मराठी अक्षरं बघून तुझं तोंड कडू झालं. “ह्यो ल आपला न्हाई. ह्यो हिंदीतला हाय. आन् श बघा, पाय मोडल्यावानी.”

“गिऱ्हाईकाला ल कळतो. कुठला ल, ते कळत नाही.”

“तुमाला कळत न्हाई म्हणा.”

यावरून आपण तीन वर्षं भांडलो. पण त्या तीन वर्षांत तू चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर काढलंस. कुठला चौकोन काळा, कुठला पांढरा, हे पेन्सिलने ठरवायचास आणि मग तेच ठिपके मशीनमध्ये एकेक करून भरायचास. बोर्डाचं काम संपवून यायचास, हाताला टर्पेंटाइनचा वास. एका ठ ला तू पाच आठवडे घेतलेस. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, सगळं धरून अडीचशेच्या वर आकार झाले. शेवटी पडद्यावर पहिली पूर्ण ओळ उमटली तेव्हा मी म्हणालो, “चांगलंय.” एवढंच म्हणालो. जास्त कौतुक केलं की माणूस भाव वाढवतो, ही माझी खोड. तू तर त्या अक्षरांचा भाव कधी सांगितलाच नव्हतास.

कागदांचा गठ्ठा तू घरी सुमनवहिनींना चुलीला दिलास. “आता मशीनमंदी हायती, कागद कशाला?” म्हणालास. माझ्याकडे फ्लॉप्यांचा नवा डबा मागितलास, म्हणजे अक्षरांची एक प्रत बाहेर राहील. मी नवा डबा घेतला नाही. वापरलेल्या दहा फ्लॉप्या स्वस्तात आणल्या. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली आणि एकही चालेना. हे मी मान्य करतो. माझ्याकडून चुकलं ते मी मोकळेपणाने मान्य करतो, असं तूच म्हणायचास, फक्त उशिरा.

आता कार्डाबद्दल.

तो जुना कॉम्प्युटर उघडलास तेव्हा तू मला आत दाखवलं होतंस. डिस्कमधून वायरींच्या दोन पट्ट्या निघायच्या, एक रुंद, एक अरुंद. दोन्ही एका हिरव्या कार्डावर जायच्या आणि ते कार्ड मदरबोर्डाच्या खाचेत उभं रोवलेलं असायचं. डिस्क बोर्डाशी स्वतः बोलत नव्हती, कार्ड तिच्या वतीने बोलायचं. तू लाल ऑइलपेंटचा बारका ब्रश घेतलास. एक पट्टा डिस्कच्या कडेला ओढलास, तसाच एक कार्डाच्या कडेला.

“हे काय करतोस?”

“पोळा आलाय. जोडीची शिंगं रंगवायलाव.”

“कॉम्प्युटरला?”

“ही बैलजोडी हाय बाबाराव. एक बैल इकला तर दुसरा नांगराला चालत न्हाई.”

मी हसलो. तूही हसलास. म्हणजे तू सांगितलंस, असं तुझं म्हणणं. मी म्हणतो, हे काय सांगणं झालं? जी गोष्ट गेली तर तीन वर्षं मातीत जाणार, ती अशी चेष्टेत सांगायची? कागदावर लिहून चिकटवायचं होतंस. तू पेंटर होतास ना? ‘विकू नये’ एवढं लिहायला तुला किती वेळ लागला असता?

गेल्या दसऱ्यानंतर तू साखर कारखान्याचे बोर्ड आणि टँकर रंगवायला तीन आठवडे बाहेर होतास. जुनं मशीन रडत होतं. नांदेडला एक दुकानदार होता, जाड चष्म्याचा, बोलायला गोड. तो जुनं घेऊन नवं द्यायचा. मी मशीन घेऊन गेलो. दिवसभर घासाघीस केली. नवा मदरबोर्ड, नवी डिस्क, नवी पेटी, आणि जुन्याचं मोल मी त्याच्याकडून त्याला घाम फुटेपर्यंत चढवलं. शेवटी तो एका गोष्टीवर अडला. जुन्या बोर्डाबरोबर त्यावरची सगळी कार्डं द्यायची, तरच मला हवं ते मोल.

मी विचारलं, “जुनी डिस्क माझ्याकडेच राहणार. त्यात आमचं काम आहे. ती नव्याला लागेल ना?”

“लागेल की. डिस्क ती डिस्क.”

मी डिस्क जिंकली म्हणून खूश होतो. त्याला रिकामी कार्डं दिली आणि कामाची वस्तू ठेवून घेतली, असा माझा हिशेब.

किसन, एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही. आदल्या दिवशी, जुनं मशीन चांगलं दिसावं, मोल जास्त यावं म्हणून मी ते उघडून पुसलं होतं. बोर्डावरची धूळ ब्रशने झाडली. कार्डाच्या कडेला तुझा लाल पट्टा होता. रंग उडालेली, डागाळलेली वस्तू गिऱ्हाईक स्वस्तात मागतं. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि पट्टा पुसून काढला. सहज निघाला नाही. नखाने खरवडावा लागला.

शेतकऱ्याच्या घरचा मी. रंगवलेली शिंगं बघून जोडी ओळखता येते, हे मला शिकवायची गरज नव्हती. पट्टा खरवडताना मला तुझी चेष्टा आठवलीसुद्धा होती. आठवली आणि मी खरवडत राहिलो.

तू परत आलास. नवं मशीन बघून खूश झालास. म्हणालास, “आता गिरणीचा आवाज न्हाई.” मग जुनी डिस्क हातात घेतलीस, नव्या पेटीत डोकावलास. नव्या डिस्कमधून एकच रुंद पट्टी निघत होती. तिचं टोक जुन्या डिस्कला लावून बघितलंस. बसेना. ना पिना जुळत, ना खाच.

“कार्ड कुठाय?”

“दिलं.”

“कोणाला?”

“जुन्यासोबत गेलं. दुसरं मिळेल. बाजारात काय एकच कार्ड आहे?”

तू डिस्क खाली ठेवलीस आणि निघालास. चहाही प्यायला नाहीस.

डिसेंबरमध्ये औरंगाबादचा एक इंजिनिअर इथल्या बँकेचं मशीन दुरुस्त करायला आला होता. त्याला मी धरून आणलं. त्याच्या पिशवीत तसंच एक कार्ड होतं, फक्त दुसऱ्या बनावटीचं. नव्या बोर्डाच्या खाचेत ते बसलं. दोन्ही पट्ट्या जोडल्या. डिस्क गरगरली. तुझा चेहरा असा उजळला, की मलाच लाज वाटली. मग पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. इंजिनिअर म्हणाला, “डिस्क कोरी दिसतेय. फॉरमॅट करू का विचारतंय.”

“नका दाबू!” तू इतक्या जोरात ओरडलास, की बाहेर ट्रेडलवर असलेला माणूस आत धावत आला.

मग त्याने समजावून सांगितलं. या जुन्या डिस्कवर लिहायची पद्धत प्रत्येक बनावटीच्या कार्डाची वेगळी. शॉर्टहँड जसं ज्याने लिहिलं त्यालाच वाचता येतं, तसं. ज्या कार्डाने लिहिलं तेच कार्ड आणा, नाहीतर निदान अगदी त्याच बनावटीचं. डिस्क ठणठणीत आहे, अक्षरं आहेत तिथेच आहेत, फक्त वाचणारा नाही. आणि नवी डिस्क? तिचं कार्ड तिच्याच अंगात बसवलेलं असतं, म्हणाला. ती कुठल्याही नव्या बोर्डाला लावा.

तू माझ्याकडे बघून म्हणालास, “नवी डिस्क तुमच्यावानी हाय बाबाराव. एकटी कुठंबी नांदती.”

मी तिथल्या तिथे शब्द दिला, नांदेडहून कार्ड परत आणतो. आणि गेलो नाही. का गेलो नाही, ते ऐक. गरज दाखवली की भाव चढतो. त्या चष्मेवाल्याला कळलं की मला हे हिरवं कार्ड पाहिजेच आहे, तर तो माझी कातडी सोलेल. म्हणून मी थांबलो. महिनाभर जाऊ दे, मग सहज गेल्यासारखं जायचं, दुसरंच काहीतरी विचारायचं आणि जाता जाता म्हणायचं, ते जुनं कार्ड पडलंय का रे. धंदा असाच करतात. मी अख्खा छापखाना असाच उभा केला. तू दर दोन दिवसांनी विचारायचास आणि मी म्हणायचो, जातो.

आणि मग जानेवारी आला. विद्यापीठाला ते नाव मिळालं. दोन दिवस बाजाराची शटरं अर्धी वर, अर्धी खाली. तिसऱ्या दिवशी तू आलास. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट. तुला असा कधी बघितला नव्हता. खिशातून कागद काढलास. त्यावर विद्यापीठाचं नवं नाव लिहिलं होतं, वर दोन ओळी अभिनंदनाच्या, खाली काहीच नाही, तुझं नावसुद्धा नाही.

“एवढं छापायचं हाय. लहान पत्रक. गावाकडं वाटायचंय. माझ्या अक्षरांत.”

मी म्हणालो, “खिळ्यांत छापून देतो. आज संध्याकाळी ने.”

“खिळ्यांत न्हाई. माझ्या अक्षरांत.”

“अरे, डिस्क वाचत नाही, माहीत आहे ना तुला?”

“कार्ड कवा आणणार?”

“जातो म्हणालो ना.”

“सोळा वर्षं झाली शेठ.” तू पुन्हा शेठ म्हणालास. “सोळा वर्षांनी त्या नावाला जागा मिळाली. आन् तुमाला नांदेडला जायला महिना पुरंना?”

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली होती, पण माझ्यात लाज बाहेर येताना रागच होते. मी ओरडलो. चौघांच्या देखत म्हणालो, “मशीन माझं, डिस्क माझी, वीज माझी. तू बसून ठिपके भरलेस म्हणजे मालक झालास का? लोकांनी नाव वाचायचं की तुझा ठ बघायचा? फार चढलायस.”

काउंटरपाशी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने मान हलवली. त्याने का मान हलवली ते तुला कळलं आणि मलाही कळलं. मी तशा अर्थाने म्हणालो नव्हतो. पण त्या गिऱ्हाइकाला मी गप्प केलं नाही.

तू कागदाची घडी घातलीस. खिशात ठेवलीस. “चुकलं शेठ,” म्हणालास, आणि पायऱ्या उतरायला लागलास.

चार दिवसांनी मी नांदेडला गेलो. तुझ्या पिंगळीवरूनच गाडी गेली. स्टेशनवर थांबली तेव्हा मी खिडकीतून बघितलं, तू फलाटावर असशील तर कार्ड आणायला चाललोय असं सांगेन म्हणून. तू नव्हतास. चष्मेवाल्याकडे जुन्या सामानाचं खोकं होतं. त्यात मी हात घातला आणि ते कार्ड माझ्या हाताला लागलं, किसन. तेच. कडेला माझ्या नखांचे ओरखडे होते आणि एका कोपऱ्यात तांबूस रंग थोडा उरला होता. चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. ते परत खोक्यात टाकलं, दुसऱ्या दोन वस्तू उचलल्या, आणि शेवटी सहज विचारलं.

त्याने भाव सांगितला. जास्त होता, पण मला परवडणारा. मी म्हणालो, “भंगार आहे हे.”

“भंगार असेल तर राहू द्या.”

“निम्म्यात देतोस?”

“नाही जमणार.”

मी वळलो आणि चालू लागलो. त्याच्या दुकानाला दोनच पायऱ्या. मी हळूहळू उतरलो. हाक आली नाही. रस्त्यावर पानाच्या टपरीपाशी दहा मिनिटं उभा राहिलो. तो बाहेर डोकावलासुद्धा नाही. मी मनात म्हणालो, आठ दिवसांनी येईन, तोपर्यंत तो नरम पडेल. ते कार्ड आणखी कुणाच्या उपयोगाचं नाही, जाणार कुठे? आणि गाडीत बसून परत आलो. त्या दिवशी खिडकीतून पिंगळी बघितली नाही.

तुला कावीळ झाल्याचं मला कळलं, खोटं कशाला बोलू. चहावाल्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, कार्ड हातात घेऊनच जाईन, रिकाम्या हाताने काय तोंड दाखवू? आणि दुसरं म्हटलं, पायऱ्या तू उतरलास, निरोप तू पाठव. तुझा निरोप आला नाही. मग तुझा मेहुणा पत्रिकेचा मजकूर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला होतो. या वेळी पायऱ्यांवरूनच ओरडलो, “ते कार्ड दे, म्हणशील ते देतो.” चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि तो जरा घाबरलाच. म्हणाला, “अहो, त्याच्यावरच्या चिप एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने काढून नेल्या. तुम्हीच म्हणालात ना भंगार आहे?” मागून त्याने उघडी हिरवी पाटी आणून दिली. चिप होत्या तिथे नुसती भोकं. फुकट दिली. आयुष्यात मला कुणी काही फुकट दिलं नव्हतं.

त्याच बनावटीच्या कार्डासाठी हैदराबादला लिहिलं, पुण्याला लिहिलं. एक आलं. नंबरात एका अक्षराचा फरक होता. डिस्क गरगरली आणि पडद्याने पुन्हा तेच विचारलं, फॉरमॅट करू का. इंजिनिअरला पत्र टाकलं. त्याने उत्तर पाठवलं की या बनावटीची कार्डं आता निघत नाहीत, नव्या बोर्डांवर खाचासुद्धा बदलत चालल्यात, आशा ठेवू नका.

गेल्या रविवारी पिंगळीला गेलो. डिस्क पिशवीत घेतली होती. वहिनींपुढे ठेवली आणि म्हणालो, “यात किसनची अक्षरं आहेत.”

त्यांनी हात लावला नाही. “मी काय करू ह्याचं? मशीन तुमच्याकडं हाय. तुमच्याकडंच राहू द्या.”

मी म्हणालो, “निरोप पाठवला असता तर मी आलो असतो वहिनी.”

त्या म्हणाल्या, “मी म्हणलं होतं, पाठवू का निरोप. तर म्हणले, नको, बाबारावला भाव करायची सवय हाय, चार दिस ताणतील आन् येतील. रोज दाराकडं बघायचे. शेवटी शेवटी म्हणायले, न्हाई येणार ते. त्या दिशी मी चौथ्या पायरीवर थांबलो व्हतो. लय येळ थांबलो. बाबारावनं वरी बघितलंच न्हाई. कामात असतील.”

किसन, माझी तक्रार होती की तू मला सरळ सांगितलं नाहीस. ती तक्रार घेऊनच हे लिहायला बसलो होतो. तू लाल रंगात सांगितलं होतंस, मी ते खरवडलं. मग पांढरा शर्ट घालून येऊन सांगितलंस. आणि शेवटी पायरीवर उभा राहून सांगितलंस. याहून सरळ माणूस काय सांगणार?

डिस्क ड्रॉवरमध्ये आहे. तिच्या कडेचा लाल पट्टा अजून ताजा दिसतो. अधूनमधून मी तिला नुसती वीज जोडतो. ती घुमते, मग गरगरते. तुझे अडीचशे आकार आत फिरत असतात, तुझा ल, तुझा श, तो ठ. धक्का न लागलेले. वाचणारं कुणी नाही, आणि पुढे तर डिस्कसुद्धा फिरायची थांबेल.

आणि वहिनींना मी जे बोललो नाही, ते तुला सांगतो. त्या दिवशी मी काउंटरवर मान खाली घालून कागद मोजायचं सोंग करत होतो. तू चौथ्या पायरीवर पाठमोरा उभा होतास. चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्ताने वाकलास, पुन्हा उभा राहिलास. शर्टावर मधोमध इस्त्रीची घडी होती. एक हाक मारायची होती. मी म्हटलं, उतरू दे पाचवी, बघू कोण आधी बोलतं.

मी वर बघितलं होतं, किसन.